कॉफी चाखणाऱ्यांची कमिटी

तीन माणसं रोज त्याच टेबलावर, त्याच वेळी बसायला लागली की किस्से आपोआप साठतात. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये कुठलेकुठले नट-बोल्ट साठतात आणि टाकून द्यायला हात धजत नाही, तसंच हे. आमच्या मलकापुरातल्या कॉफी हाउसचे माझ्याकडे इतके झालेत की परवा एका गिऱ्हाइकाला क्लच प्लेट देता देता मी त्यातले दोन सांगितले, तर पठ्ठ्या हसत हसत घरी गेला आणि क्लच प्लेट काउंटरवरच राहिली.

आधी माणसं सांगतो. माझं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि मला सगळे बापू म्हणतात. शेजारचा गाळा आण्णांचा. आण्णा फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झाले, मुलगाही फौजेत, लांब कुठेतरी पोस्टिंगवर. सून अश्विनी लग्नाआधी बेंगळुरूला एका कॉफी कंपनीत होती. तिथे तिचं काम काय, तर दिवसभर कॉफी चाखायची आणि बरी की वाईट ते सांगायचं. ह्या कामाला पगार देतात हे ऐकून आमच्या गल्लीतल्या निम्म्या सासवांनी कपाळाला हात लावला होता.

अश्विनीनं आण्णांकडे तो गाळा मागितला. एस्प्रेसो, कॅपुचिनो, लाट्टे असं सगळं मिळणारं कॉफी हाउस काढायला. आण्णांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "दसऱ्यापतोर चालवून बघ. चाललं तर तुझं. न्हाई चाललं तर त्यो एटीएमवाला मागतोयच."

झालं. कॉफी हाउस सुरू झालं आणि आण्णा रोज सकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला लागले. आत कधी पाऊल टाकलं नाही. समोरच्या टपरीवरून चहा मागवायचे आणि सुनेच्या कॉफी हाउसच्या पायरीवर बसून तो प्यायचे.

*

सुरुवातीला अश्विनी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची, "कशी होती कॉफी?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, "छान." आमच्याकडे दुसऱ्याच्या दारात बसून खाल्लेल्या गोष्टीला नाव ठेवायची पद्धतच नाही. पिठलं करपलं तरी आम्ही 'खमंग झालंय' म्हणतो आणि वर आणखी वाढून घेतो.

एकदा गडबडीत ती मशीनच्या हँडलमध्ये कॉफीची पूड भरायलाच विसरली. मशीननं बिचाऱ्यानं नुसतं गरम पाणी सोडलं, हिनं त्यावर दूध ओतलं आणि कारखान्याला ऊस घालून परत निघालेल्या दोघा पाहुण्यांपुढे कप ठेवले. दोघांनी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन मिशा पुसल्या.

"कशी होती?"

"लय छान," पहिला म्हणाला. "हलकी हाय. पोटाला बरी."

"त्या पुण्यात लय कडू करत्यात," दुसरा म्हणाला. "तुमी तसलं काय करत न्हाई, ह्ये एक चांगलं हाय."

हँडल धुवायला काढल्यावर ते कोरडं ठणठणीत दिसलं तेव्हा अश्विनीच्या लक्षात आलं. ती तडक माझ्या दुकानात आली. डोळ्यांत पाणी. "बापूकाका, मला कुणीतरी खरं बोलणारं पाहिजे. माझी कॉफी इथल्या लोकांना आवडते की नाही, हे मलाच कळत नाहीये. दसऱ्याला आण्णांना काय सांगू?"

मी म्हणालो, खरं बोलणारी दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत. दोघांना कुणी फारसं घरी बोलवत नाही, त्यामुळे वेळही असतो.

अशी आमची कमिटी झाली. शालनकाकी, ज्या पापड करून विकतात आणि ज्यांनी एका लग्नात अक्षता पडायच्या आधी वधूपित्याला जिलेबीचा पाक कच्चा असल्याचं सांगितलं होतं. जाधव सर, गणिताचे रिटायर्ड शिक्षक, ज्यांनी स्वतःच्या मुलाला नापास केलं होतं. आणि मी, कारण गाळा शेजारीच.

*

पहिल्याच दिवशी अश्विनीनं कपांची रांग मांडली आणि नियम सांगितले. एक घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, चव लक्षात ठेवायची आणि ह्या भांड्यात थुंकायचं. मग पुढचा कप.

काकींनी भांड्याकडे बघितलं, मग अश्विनीकडे. "थुकायचं?"

"हो काकी. सगळीकडे असंच करतात. गिळलं तर इतके कप होत नाहीत."

"आगं, तू गल्लीतली सून. तुझ्या हातचं तोंडात घ्यायचं आणि थुकायचं? दारात आण्णा बसल्यात. त्यांनी बघितलं तर काय म्हणतील, शालीनं माझ्या सुनंचं अन्न थुकलं?"

सरांनाही ते पटलं. मलाही. आम्ही सगळे कप गिळले. कपात खाली राहिलेलंही गिळलं, कारण उष्टं टाकायचं नसतं.

त्या दुपारी काकींनी आठवड्याच्या ऑर्डरचे पापड लाटून वाळत घातले आणि शेजारणीच्या घरी जाऊन तिचेही लाटून दिले. सरांनी पुतण्याच्या गणिताच्या गाइडमधली सगळी उदाहरणं सोडवली, त्यातल्या चुका काढल्या आणि प्रकाशकाला फोन करून त्याला फोनवर वर्गमूळ शिकवलं. मी दुकानातले सगळे वॉशर साइजप्रमाणे लावले. मग ते कंपनीप्रमाणे लावले. मग मला पहिलीच पद्धत बरी वाटली.

संध्याकाळी आण्णा खुर्चीवरूनच अश्विनीला म्हणाले, "ह्या तिघांस्नी काय पाजलंस? बापू मगापासनं पळतच चालतोय."

*

दुसरी भानगड आंबटपणाची. अश्विनी म्हणाली, चांगल्या एस्प्रेसोला थोडी आंबट चव असतेच, ती गुणाची खूण आहे. हे ऐकून काकींचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आंबट आली तर चांगली?"

"हो."

"आणि मी सुनंला दूध नासलं म्हणून येवढी बोलले ती उगंच व्हय?"

सरांचं वेगळं. ते मार्क द्यायच्या आधी मशीनजवळ जाऊन उभे राहायचे. पूड कशी दाबते, पाणी कधी सोडते, सगळं बघायचे. एकदा एस्प्रेसो पार बिघडली, इतकी कडू की माझे कान हलले. सरांनी मात्र शांतपणे दहापैकी सहा दिले. मी म्हणालो, सर, हे गिळवत नाहीये आणि तुम्ही सहा देताय?

"उत्तर चुकलंय," सर म्हणाले. "पण रीत बरोबर आहे. रीतीचे मार्क कापता येत नाहीत."

पुढच्या वेळी कॉफी फक्कड जमली. सर मशीनजवळ जायला विसरले होते. त्यांनी दोन मार्क दिले. "बरोबर आलंय, पण कसं आलं ते दाखवलेलं नाही."

*

जतकडचा एक पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर होता. टँकरच्या फिल्टरसाठी माझ्याकडे आला की शेजारी डोकवायचा. पहिल्यांदा त्यानं एस्प्रेसो मागवली तेव्हा तो इवलासा कप बघून बराच वेळ वाट बघत बसला. त्याला वाटलं, बाकीची मागून येतीय. शेवटी त्यानं ती बशीत ओतली तर बशी नुसती ओली झाली.

मग त्यानं बाहेर जाऊन टँकरच्या खिडकीतून हात घालून पाण्याची बाटली काढली, बशीतली कॉफी परत कपात ओतली, त्यात गरम पाणी मागून घेतलं, वर आपलं पाणी ओतलं आणि फुर्र करून प्यायला.

अश्विनी हसत म्हणाली, "दादा, ह्याला अमेरिकानो म्हणतात."

"म्हणू द्या की," तो म्हणाला. "आमच्याकडं पाणी मिळत न्हाई. भाईर आलो की मी सगळ्यात घालून घेतो."

*

दुधाचा किस्सा सांगितला नाही तर काकी मला घरात घेणार नाहीत.

अश्विनी पिशवीचं गाईचं दूध वापरायची, कारण त्याचा फेस बारीक येतो आणि त्याच्यावर पांढरं पान, बदाम असलं काहीबाही ओतून काढता येतं. आमची कमिटी एक घोट घेतला की कॉफीबद्दल बोलायच्या आधी दुधाबद्दल बोलायची. मलकापुरात म्हैस नाही असं घर असेल, पण म्हशीबद्दल मत नाही असं घर नाही. काकींच्या मनाला ते पिशवीचं दूध इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या म्हशीचं दूध कासंडीत घेऊन हजर झाल्या.

अश्विनीनं वाफ सोडली. फेस वर आला आणि येतच राहिला. कपात ओतायला गेली तर तो गोळाच पडला. पान नाही, बदाम नाही, एक पांढरा डोंगर, आणि बघता बघता त्यावर साय धरली.

"ह्याच्यावर चित्र नाही निघणार," अश्विनी रडवेली झाली.

"चित्र कशाला पायजे," काकी म्हणाल्या. "आन ती तपकिरी पूड हिकडं." त्यांनी कोकोची चिमूट घेतली, अंगठा आणि बोटाच्या मधून बारीक धार सोडली आणि त्या सायीवर लक्ष्मीची दोन पावलं काढली. काय सुरेख होती! सरांनी मशीनजवळ न जाता दहापैकी दहा दिले, आणि तसं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

तो कप खिडकीजवळ बसलेल्या फलटणच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना गेला. त्यांनी कपाकडे बघितलं. टोपी नीट केली. कपाला हात लावून तो कपाळाला लावला, टेबलावर नोट ठेवली आणि उठले.

अश्विनी मागे धावली. "आजोबा, कॉफी?"

"आगं लेकी," ते म्हणाले, "पावलं हायती ती. पिऊ कशी?"

तेव्हापासून काकींना फक्त वेलबुट्टी काढायची परवानगी आहे.

*

एक किस्सा माझ्या अंगाशी येणारा आहे, पण सांगतो.

मशीनचं हँडल जिथे बसतं तिथली रबरी रिंग एका रविवारी फाटली. वाफ सगळीकडून फुसफुसायला लागली. नवीन रिंग बेंगळुरूहून यायची होती आणि बाहेर तर गिऱ्हाइकांची लाइन. अश्विनीनं कपाळ धरलं. मी म्हणालो, पोरी, घाबरू नकोस, शेजारी कोण बसलाय? दुकानात जाऊन मापाची रिंग शोधली. ट्रॅक्टरच्या स्टिअरिंग पंपाची, पण कोरी करकरीत, पाकिटातली. अशी बसली म्हणता, की जणू त्याच मशीनसाठी केलेली.

मी कमिटीत कुणालाच काही बोललो नाही. बघू म्हटलं, खरी जीभ कुणाची.

सरांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. "आज चवीला खोली आहे. मातीचा गंध आहे." आठ मार्क.

काकी म्हणाल्या, "मला कायतरी वळखीचं लागतंय. काय ते ध्यानात येत न्हाई."

बाहेरच्या टेबलावर एक ऊसवाला तरुण होता. त्यानं कप ठेवला आणि मान डोलावली. "वयनी, लय भारी. नांगरट करून आल्यावाणी वाटलं."

अश्विनीनं चव घेतली, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं मशीन बंद केलं. माझ्या दुकानातल्या कोऱ्या वस्तूलाही ग्रीसचा वास असतो, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. खरी रिंग आली, मशीन सुरू झालं. तो ऊसवाला तरुण आला, घोट घेतला आणि हळूच मला म्हणाला, "बापू, हितली चव उतरली राव."

*

दसरा जवळ येत चालला तशी अश्विनी गप्प गप्प व्हायला लागली. एटीएमवाला माणूस एकदा येऊन आण्णांच्या देखत गाळ्याची मापं घेऊन गेला. आण्णांनी त्याला अडवलं नाही. त्या दिवशी आमच्या टेबलावर कुणी मार्क दिले नाहीत.

अशातच तिचे बेंगळुरूचे जुने साहेब पुण्याला जाताना वाट वाकडी करून आले. माणूस मूळचा बेळगावचा. कॉफी चाखण्यात म्हणे फार मोठं नाव. त्यांनी चमचाभर कॉफी घेतली आणि असा फुर्रर्र आवाज काढून ओढली की बाहेर आण्णांनी मान वळवून बघितलं. सरांचा आनंद गगनात मावेना. "माझी सून मला बशीतून आवाज करून पिऊ देत नाही. तिला बोलवून दाखवू का?"

पण साहेबांनी ती कॉफी तोंडात फिरवली आणि भांड्यात थुंकली.

काकी ताडकन उठल्या. "आवं सायब. आवडली न्हाई तर तोंडानं सांगा. लेकरू पहाटंपासनं राबतंय. तिच्या सासऱ्याच्या म्होरं असं थुकायचं न्हाई."

एवढा मोठा माणूस, पण गडबडला. त्यानं पुढचा घोट गिळला. त्याच्या पुढचाही. काकी उभ्याच होत्या, म्हणून सगळा कप गिळला. मग रुमालानं तोंड पुसून अश्विनीला हळूच म्हणाला, "चांगलंच केलीस की. पण हे कुणाला तरी भिऊन केलीस बघ. सगळ्यांना चालावं म्हणून फिकं केलीस. तुझ्या हातची अशी नव्हती."

अश्विनीनं दाराकडे बघितलं. दारात आण्णांची पाठ दिसत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कॉफी तिला स्वतःला आवडते तशी करायला घेतली. कडक, थोडी आंबट, गडद. 'कशी होती' हे विचारायचंही सोडून दिलं. पोटाला हलकी पाहिजे असणारी गिऱ्हाइकं तुटली. जी राहिली ती रोज यायला लागली, पण ती पुरेशी आहेत की नाहीत हे आमच्यात कुणालाच सांगता येत नव्हतं. मला तर काळजीनं माझा धंदा सुचत नव्हता.

*

दसऱ्याच्या सकाळी तिनं मशीनला झेंडूचा हार घातला, वाफेच्या नळीला हळदकुंकू लावलं. आम्ही कमिटीची माणसं आपल्या टेबलावर बसलो होतो. बाहेर आण्णांची खुर्ची होती, पण खुर्चीत आण्णा नव्हते.

थोड्या वेळानं ते आले. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी पायरीशी चपला काढल्या आणि अनवाणी आत आले, देवळात यावं तसे. मधल्या टेबलावर पाठ ताठ ठेवून बसले.

"त्या सायबाला दिलीस तसली न्हवं," ते म्हणाले. "हल्ली करतीस तसली दे."

अश्विनीनं एस्प्रेसो केली. आम्ही मशीनचा आवाज ऐकत होतो. तिनं कप समोर ठेवला आणि हातात फडकं घेऊन काउंटरपाशी उभी राहिली. आण्णांनी त्या इवल्याशा कपात वाकून बघितलं आणि एक घोट घेतला. चेहऱ्यावर काही नाही. दुसरा घोट घेतला. चेहऱ्यावर काही नाही. एस्प्रेसो म्हणजे असते किती, दोन घोटांत झाली.

तेवढ्यात एटीएमवाला माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात. "आण्णा, आज मुहूर्त चांगला आहे. गाळ्याचं बोलून टाकू या का?"

"बसा," आण्णा म्हणाले. "माझी कॉफी व्हऊ द्या. मग बोलू."

तो समोर बसला. आण्णांनी कप उचलला, ओठाला लावला, सावकाश खाली ठेवला. आमच्या टेबलावरून मला कपाचा तळ स्वच्छ दिसत होता. काकींनाही दिसत होता, कारण त्यांनी टेबलाखाली माझा गुडघा धरला.

आण्णांनी पुन्हा कप उचलला. पुन्हा ठेवला. मधे खिडकीबाहेर बघितलं. पुन्हा उचलला. त्या माणसानं फोन केले, आलेले घेतले, स्वतःच आणलेल्या बॉक्समधला पेढा खाल्ला. गिऱ्हाइकं आली, कॉफी पिऊन सोनं वाटून गेली. सरांनी चष्मा काढून पुसला, घातला आणि परत काढला. अश्विनी आमच्याकडे पाठ करून मशीन पुसत होती, एकच जागा, परत परत. मला हसू आवरत नव्हतं.

शेवटी त्या माणसानं घड्याळ बघितलं. "आण्णा, कप तर एवढासा दिसतोय. अजून किती वेळ लागेल?"

आण्णांनी कप दोन्ही हातांनी उचलला, त्यावर हलकेच फुंकर मारली आणि म्हणाले, "दम काढा जरा. अजून लय गरम हाय."